कडी नसलेलं दार

बस. लाईट गेली की ह्या गल्लीत तासभर येत नाही. वर खोलीत अंधारात एकटा काय करणार? यल्लव्वा, कंदील इकडं आण. आणि ह्याला चहा दे.

शुभंकर, परवा तू विचारलं होतंस, "अण्णा, रंगाऱ्याच्या घरची भिंत अर्धीच का रंगवलीय?" मी तेव्हा बोललो नाही. लोक हसतात, मला ठाऊक आहे. पण काम अर्धं टाकून उठणारा मी माणूस नव्हे. निपाणीहून ह्या बंगळूरात आलो तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. शाळा चौथीपर्यंत. तेव्हापासून भिंतींना चुना मारतो. डिस्टेंपर आला, प्लास्टिकचा रंग आला, मी चुनाच मारतो. जुन्या दगडमातीच्या भिंतीला तोच लागतो. दुसरं काही लावलं की पापुद्रे सुटतात.

चुन्याचं आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

चुना ओला असताना पांढरा नसतो. पाण्यासारखा असतो. कुंचा फिरवला की भिंतीवरचं खालचं सगळं उठून दिसतं. जुने डाग, जुने रंग, कुणी कोळशानं काढलेली चित्रं. सुकत जातो तसा पांढरा होतो आणि सगळं झाकतो. नवा माणूस घाबरतो. त्याला वाटतं, माल पातळ झाला. काही करायचं नसतं. थांबायचं असतं.

आणि ओल्या चुन्यात रंग लावला तर तो चुन्याबरोबरच सुकतो. मग घासून जात नाही.

एवढं लक्षात ठेव.

आनेकलच्या वाटेवर पोरांचं एक घर आहे. कागदावर त्याला निरीक्षणगृह म्हणतात. पोलिसांनी धरलेली पोरं पोरांच्या कोर्टाचा, म्हणजे बोर्डाचा, निकाल लागेपर्यंत तिथं ठेवतात. इमारत जुनी. पूर्वी तिथं रेशमाचा कारखाना होता. कोश उकळत्या पाण्यात टाकायचे आणि त्या पाण्यात बोटं घालून धाग्याचं टोक शोधायचं. ते काम लहान पोरांकडून करून घ्यायचे. बोटं बारीक असतात ना.

तिथं मला आसावरी मॅडमनं नेलं. पुण्याच्या बाई. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी. शनिवारी पोरांना चित्रं काढायला लावायच्या. पडवीतली लांब भिंत मागून घेतली होती. पोरांच्या हातात रंग द्यायच्या आणि म्हणायच्या, "तुमचं घर काढा. तुमच्यावर काय झालं ते काढा. तुम्ही काय केलं ते काढा." त्यांची एक रीत होती. पोरांचं काढून झालं, बोलून झालं, की दिवस मावळायच्या आत त्या भिंतीवर चुना मारायचा. फोटो नाही. पोलीस नाही, वकील नाही, मोठे साहेबसुद्धा नाहीत. काढलं, बोललं, गेलं.

मला आधी हा पोरखेळ वाटला. रंग वाया, चुना वाया. पण एका पोरानं भिंतभर नुसता बापाचा पट्टा काढला. पट्टा, त्याचं बक्कल, दुसरं काही नाही. एकानं दारूच्या दुकानापुढं झोपलेली आई काढली आणि तिच्या अंगावर स्वतःच्या हातानं चादर रंगवली. एकानं चाकू काढला. चाकू धरलेला हात काढला. बोट ठेवून म्हणाला, "हा माझा." तोंड भिंतीकडं असलं की माणूस बोलतो, हे मी तिथं पाहिलं. नंतर मी चुना मारायचो आणि पोरं सुकेपर्यंत बसून बघायची. कुणी हसायचं नाही.

सूरज काहीच काढायचा नाही.

सोळा पुरी झालेली. मूळ गाव खानापूरकडं. बाप नाही. आई मारतहळ्ळीत फ्लॅटमधली धुणीभांडी करते. मॅडम सोडल्या तर मराठी बोलणारा मी एकटाच म्हणून माझ्या मागंमागं असायचा. तिथली सगळी पोरं म्हाताऱ्याला ताता म्हणतात, तोही म्हणायचा. गुन्हा असा की हा मोटारसायकल चालवत होता आणि मागं बसलेल्यानं कोयता दाखवून एका बाईच्या गळ्यातली साखळी ओढली. बाई फरफटली. हात मोडला. मागचा पळाला, हा सापडला. मागचा कोण, ते हा सांगेना. मारून बघितलं, गोडीनं बघितलं. नाही.

आणि बोर्डाची तारीख जवळ आली होती. ह्याचा खटला पोर म्हणून चालवायचा की मोठा माणूस म्हणून, ते त्या दिवशी ठरणार होतं. मोठा ठरला तर मोठ्या कोर्टात जाणार आणि तिथून मोठ्या तुरुंगात. मॅडम मला म्हणाल्या, "गुंडूकाका, हा एक शब्द बोलला ना तरी मी त्याला वाचवू शकते. पण बोलतच नाही तो."

एकदा मॅडमनं त्याच्या हातात ब्रश कोंबला. त्यानं एक घर काढलं. भिंती, छप्पर, खिडकी.

"दार कुठाय रे?" मी म्हटलं.

"नाही."

"मग आत जाणार कसा?"

"आत कुणाला जायचंय, ताता?"

पोरं हसली. मी त्याच्या घरावर चुना मारला. ओल्या चुन्यात घर आणखी ठळक झालं. तो बघत राहिला.

"मॅडम म्हणतात, पुसलं जातं. हे तर दिसतंय."

"सुकलं की जाईल."

"पावसात भिंत भिजली की परत दिसेल. खोटं बोलतात त्या."

"खोटं नाही. त्या सुकल्यावर बघतात. तू ओल्यात बघतोस."

त्यानंतर त्यानं ब्रशला हात लावला नाही.

तारखेच्या आधीच्या शनिवारी तिथल्या साहेबांनी मला बोलावलं. "गुंडण्णा, मागची खोली स्वल्प बघा. नवी पोरं यायचीत. तिथं कसला तरी वास येतो."

"हाताखाली कोण?"

"सूरजला घ्या. दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही तो."

"सरी, करतो," मी म्हटलं.

मागची खोली बंद असायची. चुन्याची बादली उचलली तर स्वयंपाकाची महानंदा आडवी आली.

"अण्णा, पोराला घेऊन तिथं जाऊ नका."

"का?"

"सांगू नये असं आहे."

"मग सांगू नको."

पण तिला राहवेना. "कारखाना होता तेव्हा पोरांना रात्री त्या खोलीत घालायचे. बाहेरून कडी. एकाला त्याच्या चुलत्यानंच आणून सोडलेलं. मानगूट धरून आणलेलं. माझी आत्या कोश निवडायला होती इथं, तिनं बघितलेलं. पोराला ताप आला, कडी वाजवत राहिला. सकाळी उघडली तेव्हा..."

"पुरे. पोरगा ऐकतोय."

सूरज शिडी घेऊन उभा होता.

त्या घराचा एक नियम आहे. पोरगा ज्या खोलीत असेल तिला बाहेरून कडी. बाथरूमला, जेवणघराला, सगळ्याला. आतून कडी असलेलं एकही दार तिथं नाही. पहारेकरी बसप्पानं आम्हाला आत घेतलं, कडी घातली आणि बाहेर स्टूल टाकून बसला.

दुपारची वेळ. पण आभाळ खाली आलेलं, भुरभुर पाऊस, आणि वर एकच खिडकी, हाताच्या पंजाएवढी. लाईटची तार केव्हाच तुटलेली. जमिनीत ओळीनं चुली होत्या, सिमेंटनं बुजवलेल्या. वास होता. मेलेल्या किड्याचा, उकळलेल्या पाण्याचा. आधी तो लांबून आल्यासारखा वाटला. मी समोरच्या भिंतीला पहिला हात द्यायला घेतला तसा तो जवळ आला. कुंचा जिथं फिरे तिथून येत होता.

कोपऱ्यापाशी पोचलो तेव्हा भिंतीत एक डाग वर आला. तपकिरी. चहा सांडून वाळल्यासारखा. मी कुंचा फिरवत गेलो आणि डागाला पाय आले. मग पाठ. मग डोकं. आठ-नऊ वर्षांचं पोर, पाठमोरं, कोपऱ्यात तोंड घालून उभं.

"कुणी काढलंय?" सूरज म्हणाला.

"असेल कुणीतरी. काजळीनं काढलं असेल."

"मस्त काढलंय." मग जरा वेळानं म्हणाला, "कोपऱ्यात उभं केलंय त्याला."

आम्ही उरलेल्या भिंती केल्या. तोवर पहिली सुकत आली. डाग फिका होत गेला. जाता जाता त्याचा एक खांदा वर झाल्यासारखा वाटला. सुकणारी भिंत असले खेळ करते. मी पुष्कळ बघितलेत.

दुसऱ्या दिवशी रविवारी दुसरा हात द्यायला गेलो. तीच वेळ, तसाच पाऊस, बाहेरून कडी. मी कोपऱ्यातून सुरुवात केली. मुद्दाम.

कोपरा स्वच्छ होता.

मी उतरलो, बादली पुढं सरकवली, पुन्हा चढलो. भिंतीच्या मध्यावर आलो तेव्हा कुंच्याखाली ते पोर आलं. आता मध्यावर उभं होतं. आणि आता पाठमोरं नव्हतं. तोंड म्हणावं असं काही नव्हतं, नुसता डाग, त्यात दोन फिक्या जागा. पण बघत होतं आमच्याकडं.

"ताता..." सूरज म्हणाला. "काल हा तिकडं होता."

"शिडी धर."

"त्याच्या मागं बघा."

मी बघितलं. कुंचा मी थांबवला होता, पण चुना आपोआप खाली ओघळत होता, आणि ओघळ जिथं जाई तिथं आणखी एक डाग उठत होता. मोठा. रुंद खांद्याचा. त्याचा एक हात पोराच्या मानेवर होता. बोटं मोजता आली असती.

तेवढ्यात मागं आवाज आला. बुडबुड... बुडबुड... मी वळलो. बादलीतला चुना उकळत होता. शुभंकर, कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो, खरं आहे. पण एकदाच. हा चुना मी घरी विझवून, गाळून आठवडाभर मुरवलेला. त्यात उकळण्यासारखं काही उरत नाही. तरी वाफ येत होती, आणि वास आता बादलीतूनही येत होता.

"बसप्पा," मी हाक मारली. "कडी काढ."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. बाकी काही नाही.

"बसप्पा!"

शिडी हलली. सूरजनं ती सोडली होती. त्याचा हात स्वतःच्या मानेमागं गेला होता.

"ताता... माझ्या मागं कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग हे ओलं काय आहे... मानेवर?"

मी खाली उतरलो. त्याला वळवलं. मानेवर चुन्याची बोटं होती. चार एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला. ओली. माझ्या एका हातात कुंचा होता, दुसऱ्यानं मी शिडी धरली होती.

मी घाबरलो नाही असं म्हणणार नाही. पण घाबरून काम होत नाही. माझ्या पंच्यानं मी त्याची मान पुसली आणि त्याला भिंतीसमोर उभं केलं. मी त्याच्या मागं उभा राहिलो. पाठ दाराकडं करून. जे काही मागून येणार होतं ते आधी माझ्यापर्यंत येणार होतं.

"बघू नको म्हणत नाही," मी म्हटलं. "नीट बघ. काय आहे ते सांग."

तो भिंतीच्या आणखी जवळ सरकला. मग भिंतीकडं तोंड करून बोलायला लागला. हळू.

"परशा मामा असाच धरतो."

"कोण?"

"आईचा भाऊ. कुठंही न्यायचं असलं की मानेवर हात. शाळेत सोडायला आला तरी. दुकानात पहिल्यांदा बिस्किटांचा पुडा उचलायला लावला तेव्हा पण. तोच होता मागं. गाडीवर. मी ब्रेक दाबला असता, ताता... बाई ओरडत होती. पण त्याचा हात इथं होता."

"मग नाव का नाही घेतलंस?"

"आई कामाला जायची तेव्हा तोच भात शिजवून घालायचा." त्याचा आवाज फुटला. "गाडी त्यानं शिकवली. ताप आला की उशाशी बसायचा. त्याचं नाव कसं घेऊ?"

भिंतीतला मोठा डाग खाली वाढत होता. पोराचा डाग त्याच्याखाली वाकत होता. बादलीचा आवाज वाढला.

"त्याचं नंतर बघू," मी म्हटलं. "आधी ह्याला सोडव."

"कसं?"

"मला काय विचारतोस? मी चुना मारतो. चित्रं तुम्ही काढता."

माझ्या पिशवीत तांबडी काव असते, कडेची पट्टी मारायला. आणि नीळ असते. चुन्यात जरा नीळ टाकली की तो जास्त पांढरा दिसतो. दोन्ही पुड्या मी त्याच्या हातात दिल्या.

"भिंत ओली आहे तोवर काढ. पण ऐकून ठेव. ओल्यात काढलेलं जात नाही. आज नाही, उद्या नाही."

"कधीच नाही?"

"नाही."

हेच तर त्याला नको होतं. जात नाही, तेच. तो पुडीकडं बघत राहिला. मग काव ओंजळीत ओतली, त्यात चुन्याचं पाणी घेतलं आणि बोटांनी काढायला लागला. पोराच्या डागाशेजारी एक चौकट उभी केली. उंबरा काढला. दार काढलं. सताड उघडं.

"बाहेर काय काढू?"

"बाहेर असतं ते."

"मला माहीत नाही बाहेर काय असतं ते." हात थांबला. "तुमचं घर कसं आहे, ताता?"

"सारक्कीत आहे. गल्लीच्या टोकाला."

"दिसतं कसं?"

"बसकं. निळी खिडकी. दारात कढीपत्त्याचं झाड."

त्यानं दारापलीकडं लहानसं घर काढलं. निळीनं खिडकी भरली. झाड काढलं, तेही निळंच. पोराच्या पायापासून त्या घरापर्यंत बोटानं एक वाट ओढली.

मी म्हटलं, "दाराला कडी काढ."

"नको."

"दाराला कडी लागते."

"इथं सगळ्या कड्याच आहेत, ताता. ह्याला नको."

चुना सुकायला लागला होता. असा झरझर सुकताना मी कधी बघितला नाही. वरून खाली पांढरं येत होतं. मी पोराच्या डागावरून नजर काढली नाही. पांढरं त्याच्या डोक्यापर्यंत आलं तेव्हा तो पुन्हा पाठमोरा झालेला होता. पण आता कोपऱ्याकडं नाही, दाराकडं. एक पाय उंबऱ्यावर होता. मग भिंत पांढरी झाली. काव तेवढी राहिली, आणि नीळ.

मोठा कुठं गेला ते मी बघितलं नाही. मी पोराकडं बघत होतो.

बादली गप्प झाली. बाहेर कडी वाजली आणि बसप्पानं डोकं आत घातलं.

"हाका ऐकू आल्या नाहीत तुला?" मी त्याच्यावर ओरडलो.

"कसल्या हाका? मी इथंच बसलोय." त्यानं नाक धरलं. "आत काय शिजवत होता तुम्ही? केवढा आवाज पातेल्याचा!"

त्या संध्याकाळी सूरजनं मॅडमना फोन लावायला सांगितलं. त्या आल्या, मागच्या खोलीत गेल्या, भिंतीसमोर उभ्या राहिल्या. त्यानं सगळं सांगितलं. तोंड भिंतीकडं करून नाही, त्यांच्याकडं बघून.

मॅडमनं मला विचारलं, "काका, ह्यावर चुना मारायचाय का?"

मी सूरजकडं बघितलं. तो म्हणाला, "राहू दे."

सोमवारी मी बोर्डापुढं गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. धुतलेला सदरा घालून मागच्या बाकावर बसलो. त्याची आई माझ्या शेजारी होती, पदर तोंडात धरून. बोर्डाच्या बाईंनी विचारलं, "तू काय केलंस ते तुला कळतं का?"

सूरज म्हणाला, "एका बाईचा हात मोडला. गाडी मी चालवत होतो. मी थांबवू शकलो असतो." मग मामाचं नाव घेतलं. नाव घेताना रडला, पण घेतलं.

आईनं पदर सोडला आणि डोळे मिटले. भाऊ होता तिचा.

पोर म्हणूनच खटला चालवायचा, असं ठरलं. वर्षभर एका शाळेत ठेवायचं, काम शिकवायचं. मामा होसूरच्या बसस्टँडवर सापडला. हात मोडलेल्या त्या बाईंना सूरजनं मॅडमच्या मदतीनं निरोप पाठवला, भेटून माफी मागायची आहे म्हणून. त्या भेटल्या नाहीत. तो त्यांचा हक्क आहे. मी त्याला तसं सांगितलं.

वर्ष संपलं. गेल्या महिन्यात तो सुटला. मारतहळ्ळीत मामाचे दोस्त आहेत, तिथं ठेवायला त्याच्या आईचा जीव होईना. आमच्या हिनंच, यल्लव्वानंच, विषय काढला. म्हणाली, "स्वयंपाकघरावरचा माळा रिकामा आहे. पोराला किती जागा लागते?" मी म्हटलं, उशिरा उठलेलं मला चालत नाही. ती म्हणाली, ते त्याला सांगा. उद्या येतोय तो. दसऱ्याच्या आयुधपूजेच्या आत घर चुना मारून तयार करायचं म्हणून मी ही भिंत करायला घेतली होती. तो यायच्या आधी मला ती पांढरी करायची होती.

ही भिंत मी स्वतः उभी केली आहे. वीट न् वीट माझी. हिच्याखाली जुना रंग नाही, डाग नाही, काही नाही.

मी त्या टोकाकडून सुरुवात केली. दोन-चार वेळा कुंचा फिरवला आणि वास आला. उकळलेल्या पाण्याचा. पुढं गेलो आणि ते पोर दिसलं. चहाच्या डागासारखं. मांडी घालून बसलेलं, खिडकीखाली, निळ्या खिडकीखाली, जेवायला बसल्यासारखं. माझ्याकडं बघत होतं. ह्या वेळी मला भीती वाटली नाही. खरं सांगतो. आला होता म्हणायचा. सूरजनं वाट काढून दिली होती, त्या वाटेनं आला होता. मी यल्लव्वाला हाक मारली. तिनं बघितलं, आत गेली, आणि वाटीत दहीभात आणून भिंतीशी ठेवला. बाई शहाणी आहे.

मग मी पुढं कुंचा फिरवला. मध्यावर आलो आणि थांबलो.

ओल्या चुन्याच्या अगदी कडेला बोटं होती. चार. मोठी. दाराची कड धरतात तशी.

त्याच दिवशी संध्याकाळी मॅडमचा फोन आला, परशा मामाला जामीन मिळाला म्हणून.

मी सूरजला फोन लावला. सगळं सांगितलं. त्यानं आधी विचारलं, "पोरगा उभा आहे की बसलाय?"

"बसलाय. मांडी घालून."

"मग बरं आहे."

"बरं कसलं? कडेला बोटं आहेत. तुला म्हटलं होतं, कडी काढ."

मग म्हणाला, "मी काव घेऊन येतो, ताता. आता काढू. बाहेरून काढू की आतून?"

मी म्हटलं, "आतून. ह्या घरात कडी आतून असते. जो आत राहतो त्याच्या हातात."

तो फोनवर हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. म्हणाला, "सरी, ताता. मग मी राहतो."

तेव्हा भिंत अशी अर्धी राहिली आहे. उद्या सूरज येईल, उरलेली भिंत आम्ही दोघं मिळून करू, ओल्यात दार काढू आणि दाराला चांगली जाड कडी काढू. त्याचा हात चांगला आहे. मामा इथं आला तर त्यालाही तीच कडी दिसेल. मी जिवंत आहे तोवर ती उघडणार नाही.

एकच गोष्ट मला कळत नाही. चुना सुकायला एक दिवस पुरतो. मी कुंचा ठेवून आठवडा झाला. तिकडचं सगळं केव्हाच पांढरं झालं. पोरगा झाकला गेला, वाटी रोज रिकामी मिळते. पण ही मधली कड, जिथं मी थांबलो, ती अजून ओली आहे. हात लावून बघ...

नको. राहू दे. तू जरा भिंतीपासून पुढं सरकून बस.